सासूबाईंच्या खोलीतले यंत्र रात्री चालू ठेवावे का?

डोंबिवलीहून एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे घर इमारतीच्या तळमजल्यावर आहे आणि मागच्या बाजूची दहा बाय बाराची खोली सासूबाईंची आहे. सासूबाईंचे वय 71 असून त्यांना अनेक वर्षांपासून दमा आहे. जून लागला की त्या खोलीच्या भिंतीला ओल येते आणि कुबट वास सुटतो, म्हणून यंदा दिरांनी ‘हवा शुद्ध करणारे’ एक यंत्र ऑनलाइन मागवले. यंत्राच्या पुढच्या बाजूला ‘आयोनायझर’ असे लिहिले आहे, तर मागच्या चिकटपट्टीवर ‘ओझोन : ताशी 500 मिलिग्रॅम’ असा आकडा आहे. रात्रभर दार-खिडकी लावून ते चालू असते. पत्रात त्या लिहितात : “कुबट वास गेला, पण सकाळी खोलीत झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखट वास असतो. पंधरा दिवसांपासून सासूबाईंचा खोकला वाढला आहे आणि पंपही जास्त वेळा घ्यावा लागतो. त्यांच्या गोळ्यांच्या डब्याला लावलेले रबर तीनदा तुटले. भाऊजी म्हणतात, ही धबधब्याजवळच्या हवेसारखी हवा आहे. माझी मुलगी म्हणते, ओझोन चांगलाच असतो, पुस्तकात आहे. आयोनायझर आणि ओझोनचे यंत्र एकच का? ते चालू ठेवावे का? आणि सावंतवाडीला माझ्या आईला भाज्या धुण्याचे ओझोनचे यंत्र घ्यायचे आहे, ते घ्यावे का?”

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. ते यंत्र आजच बंद करा आणि प्लग काढून ठेवा. खोलीची दारे-खिडक्या उघडून पंखा लावा आणि तो तिखट वास पूर्ण जाईपर्यंत सासूबाईंना बाहेरच्या खोलीत झोपू द्या. पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागतो आहे ही गोष्ट त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात सांगितली पाहिजे, आणि सांगताना यंत्राचा उल्लेख अवश्य करा, कारण डॉक्टर आपणहून ते विचारतीलच असे नाही. बोलताना धाप लागत असेल किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता पहिला प्रश्न. आयोनायझर आणि ओझोनचे यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांची गल्लत होण्याचे कारण असे की दोन्हींच्या पोटात उच्च विद्युतदाब असतो आणि दोन्ही यंत्रे दिसायलाही सारखीच असतात. आयोनायझरमध्ये एक अणकुचीदार सुई किंवा कार्बनच्या बारीक तंतूंचा कुंचला असतो. त्याच्या टोकावर काही हजार व्होल्टचा ऋण दाब आला की टोकापासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि जवळच्या हवेतल्या रेणूंना, मुख्यतः ऑक्सिजनला, चिकटतात. असा विद्युतभार मिळालेला रेणू म्हणजे आयन. हे आयन धुळीच्या बारीक कणांवर जाऊन बसतात, कण भारित होतात, आणि मग ते भिंतीकडे, पडद्याकडे, फर्निचरकडे ओढले जाऊन तिथे चिकटतात. आयनांचे स्वतःचे आयुष्य फार थोडे असते. काही सेकंदांत, फार तर एखाद-दोन मिनिटांत त्यांचा भार उतरतो. आयोनायझर जिथे बरेच महिने चालले आहे तिथे यंत्रामागच्या भिंतीवर काळपट डाग धरलेला दिसतो. ती हवेतली धूळच असते. म्हणजे धूळ हवेतून निघाली हे खरे, पण घरातून गेली नाही. भिंत ओल्या फडक्याने पुसली तर ती जाते आणि पडदा झटकला तर पुन्हा हवेत येते. त्यातही छोट्या, पंखा नसलेल्या आयोनायझरचा प्रभाव त्याच्या आसपासच्या थोड्या जागेपुरताच पडतो. वास, वायू, ओल यांवर त्याचा म्हणण्यासारखा काहीच परिणाम होत नाही.

सुईच्या टोकाशी ही विद्युतक्रिया चालू असताना ऑक्सिजनचे काही रेणू फुटतात आणि थोडा ओझोन तयार होतो. आयोनायझरच्या बाबतीत तो नको असलेला उपपदार्थ आहे. चांगल्या बनावटीच्या यंत्रात तो फार कमी असतो, पण सुईवर धूळ आणि काजळी चढली की त्याचे प्रमाण बदलते. साफ केलेला आयोनायझर आणि दोन वर्षे हात न लावलेला आयोनायझर यांना म्हणूनच मी एका मापाने मोजणार नाही.

ओझोनच्या यंत्रात मात्र ओझोन हेच उत्पादन असते. तिथे काचेच्या किंवा सिरॅमिकच्या पट्टीच्या दोन बाजूंना धातूचे पत्रे बसवून त्यांच्यामध्ये उच्च दाबाची विद्युत सतत खेळवली जाते, किंवा 185 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील दिवा वापरला जातो. दोन्ही रीतींमध्ये ऑक्सिजनच्या रेणूचे दोन अणू सुटे होतात आणि प्रत्येक सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला जाऊन चिकटतो. असा तीन अणूंचा रेणू म्हणजे ओझोन. त्यातला तिसरा अणू ढिला बसलेला असतो आणि जो पदार्थ समोर येईल त्याला तो देऊन टाकण्याची त्या रेणूला घाई असते. जंतू मारणे, रंग उडवणे, वास घालवणे ही ओझोनची सगळी कामे याच एका गुणातून होतात, आणि त्याचा उपद्रवही याच गुणातून होतो. तुमच्या यंत्राच्या पुढे काहीही लिहिलेले असो, मागे ताशी 500 मिलिग्रॅम लिहिले आहे. ते ओझोनचे यंत्र आहे.

मी नोकरीची अनेक वर्षे पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात काढली आणि तिथे ओझोनचे यंत्र माझ्याकडे होते. ओझोन पाण्यासाठी वापरणे ही जुनी आणि उपयुक्त गोष्ट आहे. नेदरलँड्समधल्या औडशूर्न येथे 1893 पासून, आणि फ्रान्समधल्या नीस शहरात 1906 पासून पिण्याचे पाणी ओझोनने निर्जंतुक करण्यास सुरुवात झाली. पण आमच्याकडे त्या यंत्राला वेगळी खोली होती, दाराजवळ हवेतला ओझोन मोजणारा मापक होता आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजत असे. ओझोन हवेपेक्षा जड असल्यामुळे हवा बाहेर फेकणारा पंखा जमिनीलगत बसवला होता. पाण्यात न विरघळलेला ओझोनसुद्धा तसाच बाहेर न सोडता तो मोडून टाकणाऱ्या नळीतून न्यावा लागे. एका पावसाळ्यात नळीच्या सांध्यातून थोडी गळती झाली आणि मापक दुरुस्तीला गेलेला होता. माझ्याबरोबर काम करणारा तरुण मुलगा म्हणाला, सकाळी वास येत होता, आता येत नाही. वास येत नव्हता कारण त्याचे नाक सरावले होते. गळती तशीच चालू होती. संध्याकाळी त्याला पूर्ण श्वास घेता येईना, खोल श्वास घेतला की छातीत कळ येऊन खोकला सुटे. दोन-तीन दिवसांत तो बरा झाला, पण तो बावीस वर्षांचा होता आणि त्याला दमा नव्हता. तुमचे पत्र वाचताना मला तोच आठवला. जे यंत्र आम्ही भोंगा लावलेल्या खोलीत ठेवत होतो, तेच एका वृद्ध बाईंच्या उशाशी रात्रभर चालवले जाते आहे, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

रबर तुटण्याचा उल्लेख तुम्ही केलात हे फार बरे झाले, कारण त्यातून सगळा उलगडा होतो. नैसर्गिक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका त्या बंधांवर घाला घालतो. ताणलेल्या रबरावर, ताणाच्या आडव्या दिशेने, बारीक चिरा पडतात आणि रबर तिथेच तुटते. पुढचे रबर तुटण्याआधी डब्यावरून हलकेच काढून खिडकीच्या उजेडात वाकवून पाहा, त्या चिरा नुसत्या डोळ्यांनी दिसतील. आता आपल्या फुप्फुसाच्या आतल्या अस्तरावर जो पातळ ओलसर थर असतो, त्यातल्या स्निग्ध पदार्थांतही असेच दुहेरी बंध असतात. ओझोन तिथेही तेच करतो. श्वासनलिका सुजतात, आकसतात, खोकला येतो, आणि दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका मुळातच हळव्या असल्याने त्याला हा त्रास कमी ओझोनमध्येही होतो. सासूबाईंच्या खोकल्याचे कारण पत्रावरून मी ठरवू शकत नाही, पावसाळ्यात बुरशीनेही दमा वाढतो. पण रबर तीनदा तुटावे आणि त्याच दिवसांत खोकला वाढावा, याकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही.

थोडा हिशोब मांडतो, कारण ताशी 500 मिलिग्रॅम हा आकडा किती मोठा आहे हे खोलीच्या मापावरूनच कळते. भारतात बाहेरच्या हवेसाठी 2009 मध्ये जी राष्ट्रीय मानके ठरली, त्यांनुसार ओझोनची आठ तासांची सरासरी घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.1 मिलिग्रॅम, यापेक्षा जास्त असू नये. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत 1200 घनफूट, म्हणजे सुमारे 34 घनमीटर हवा मावते. त्या सगळ्या हवेला मर्यादेपर्यंत आणायला साडेतीन मिलिग्रॅमच्या आत ओझोन पुरतो. ताशी 500 मिलिग्रॅमचे यंत्र तेवढा ओझोन सुमारे 25 सेकंदांत तयार करते. स्वस्त यंत्रे चिकटपट्टीवरच्या आकड्याइतका ओझोन देतातच असे नाही, आणि ओझोन भिंती, कपडे, गादी यांवर आदळून मोडतही असतो. पण यंत्र त्याच्या दहाव्या भागाइतकेच काम करत असेल असे धरले, तरी ही मर्यादा चार-पाच मिनिटांत गाठली जाते आणि यंत्र तर रात्रभर चालू असते. त्यात आपल्याकडची पावसाळी हवा. कारखान्यात आम्ही हवा आधी कोरडी करून मगच यंत्रात सोडत असू, कारण दमट हवेत ओझोन कमी बनतो आणि सोबत नायट्रोजनची ऑक्साइडे व थोडे नायट्रिक आम्लही तयार होते. घरगुती यंत्रात अशी हवा कोरडी करण्याची सोय सहसा नसते.

“पण कुबट वास तर गेला” असे घरात कुणीतरी म्हणेलच, आणि ते खोटे नाही. ओझोन वासाच्या काही रेणूंना मोडतो आणि स्वतःच्या वासाखाली बाकीचे झाकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या यंत्रांविषयी स्पष्ट सांगितले आहे की माणसाला सोसेल इतक्या मर्यादेत ओझोन ठेवला तर तो घरातल्या हवेतले दूषित पदार्थ, जंतू किंवा बुरशी यांवर फारसा परिणाम करत नाही, आणि परिणाम होईल इतका वाढवला तर माणसाला सोसत नाही. माणसे असलेल्या जागेत वापरण्यासाठी अशा यंत्रांना तिथल्या केंद्र सरकारच्या एकाही संस्थेने मान्यता दिलेली नाही. शिवाय ओझोन मोडतो तेव्हा काहीतरी नवे तयार होत असते. फरशी पुसायच्या लिंबाच्या वासाच्या द्रवात लिमोनीन असते, पाइनच्या फिनाइलमध्ये त्याच जातीची द्रव्ये असतात. ओझोनशी त्यांची गाठ पडली की फॉर्मल्डिहाइड हा नाका-डोळ्यांना झोंबणारा अपायकारक वायू आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणजे संध्याकाळी फरशी पुसून रात्री हे यंत्र लावले, तर सकाळची हवा यंत्र न लावता असती त्यापेक्षा वाईट असण्याचा संभव आहे. भिंतीच्या आत मुरलेल्या बुरशीला तर ओझोन पोहोचतच नाही, आणि मेलेली बुरशीही जागेवर राहिली तर ॲलर्जी देतेच.

भाऊजींचे धबधब्याचे म्हणणे अगदी निराधार नाही, आणि त्यांना तसे सांगायला हरकत नाही. पडणारे पाणी फुटून तुषार उडतात तेव्हा आसपासच्या हवेला ऋण विद्युतभार मिळतो, हे फिलिप लेनार्ड या जर्मन शास्त्रज्ञाने 1892 मध्ये दाखवून दिले. आंबोलीच्या धबधब्याजवळ उभे राहिल्यावर जे प्रसन्न वाटते त्यात गारवा, ओले रान आणि रोजच्या कामातून मिळालेली सुट्टी यांचा वाटा मोठा असावा असे माझे मत आहे. पण आयनांना श्रेय द्यायचे ठरवले तरी ते आयन आहेत. धबधबा ओझोनचे यंत्र चालवत नाही. मुलीचे पुस्तकही बरोबर आहे. ज्या ओझोनच्या थराविषयी ती वाचते तो जमिनीपासून साधारण 15 ते 35 किलोमीटर उंचीवर आहे, तिथे तो सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो आणि तिथे श्वास घ्यायला कुणी नसते. तोच वायू नाकाशी आला की प्रदूषक ठरतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातले रसायनशास्त्रज्ञ क्रिश्चन शोनबाइन यांनी 1839-40 च्या सुमारास हा वायू ओळखला तोही वासावरूनच, आणि त्याचे नावही ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवले. झेरॉक्सच्या दुकानाची तुलना तुम्ही केलीत ती म्हणून अचूक आहे. त्या यंत्रातही उच्च विद्युतदाबामुळे थोडा ओझोन सुटत असतो.

पुढे कधी हवेचे यंत्र घ्यायची वेळ आली, तर खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे न पाहता मागची चिकटपट्टी आणि माहितीपत्रक वाचा. ओझोन मिलिग्रॅममध्ये किंवा ग्रॅममध्ये ‘मिळतो’ असे अभिमानाने लिहिले असेल, तर ते यंत्र माणसांच्या खोलीसाठी नाही. ‘ॲक्टिव्ह ऑक्सिजन’, ‘एनर्जाइज्ड ऑक्सिजन’, ‘पर्वतावरची हवा’ अशा शब्दांमागेही पुष्कळदा ओझोनच असतो. उलट, ओझोनची मर्यादा दिलेली असेल तर तो आकडा पाहा. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरातल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांतून येणारा ओझोन दशलक्ष भागांत 0.050 भागापेक्षा जास्त नसावा असा नियम आहे. ‘यूएल 2998’ हे प्रमाणपत्र त्याहून कडक आहे, त्याची मर्यादा 0.005 भाग आहे, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या काही यंत्रांवर त्याचा उल्लेख असतो. दम्याच्या रुग्णासाठी मी तरी साधे, पंखा आणि हेपा गाळणी असलेलेच यंत्र सुचवीन. ही गाळणी 0.3 मायक्रॉन आकाराचे 99.97 टक्के कण अडवते आणि अडवलेली धूळ आपण गाळणीसह घराबाहेर टाकू शकतो. अशा यंत्रात आयोनायझरचे वेगळे बटण असले तर ते बंद ठेवावे. गाळणीचे काम त्याच्यावाचून अडत नाही.

तुमचा खरा शत्रू मात्र ओल आहे, आणि गाळणीलाही ती काढता येत नाही. भिंत कुठून ओली होते ते आधी शोधा : बाहेरच्या बाजूने पावसाळी पाण्याचा पाइप गळतो का, न्हाणीघराची भिंत लागून आहे का, की जमिनीतूनच पाणी वर चढते. तळमजल्यावर तिन्ही शक्य आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून सोसायटीमार्फत जाणकार माणसाला दाखवून मग खर्च करा. तोपर्यंत कपाट आणि पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खोलीत कपडे वाळत घालू नका आणि पावसाची उघडीप मिळेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळू द्या. दिसणारी बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून भिंत पंख्याखाली वाळवा, आणि हे काम चालू असताना सासूबाईंना त्या खोलीत बसू देऊ नका. हवेतली आर्द्रता मोजणारा छोटा मापक फार महाग नसतो. दार-खिडक्या बंद असतानाही तो सतत 60 टक्क्यांच्या वर दाखवत असेल, तर या यंत्राऐवजी हवेतले पाणी ओढून घेणारा डिह्युमिडिफायर घेतलेला बरा. त्याच्या टाकीत रोज साठलेले पाणी पाहिले की पैसे कशावर गेले ते भाऊजींनाही दिसेल. कुबट वासावर ऊद-धूप घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण दम्याच्या माणसाच्या खोलीत धूर नको.

यंत्राचे काय करायचे असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. विक्रेत्याकडे परत करता येत असेल तर चिकटपट्टीचा फोटो आणि डॉक्टरांचा कागद जोडून परत करा. ‘खोलीत कुणी नसताना दोन तास लावू’ असा मध्यम मार्ग घरात निघेल, पण दाराच्या फटीतून ओझोन शेजारच्या खोलीत जातो आणि सासूबाई तर घरातच असतात. ओळखीच्या कुणाला भेट म्हणून देऊ नका, विशेषतः जिथे लहान मूल किंवा म्हातारे माणूस आहे तिथे.

आता आईंच्या भाज्यांचे यंत्र. त्यात ओझोन नळीतून पाण्यात बुडबुड्यांच्या रूपाने सोडतात. ओझोन पाण्यात कमीच विरघळतो, त्यामुळे उरलेला बुडबुड्यांबरोबर वर येतो आणि भांड्यावर वाकून भाजी हलवणाऱ्या माणसाच्या नाकाशी पोहोचतो. वाहत्या पाण्यात काम करणारा ओझोन पृष्ठभागावरचे जंतू कमी करतो हे मी स्वतः अनुभवले आहे, पण भाजीच्या आत शोषलेले कीटकनाशक तो काढू शकत नाही आणि घरगुती भांड्यात किती ओझोन विरघळला हे मोजायची सोय नसते. आईंना सांगा की कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत, पालेभाजी निवडून पानन् पान सुटे करावे, आणि वाहत्या नळाखाली हाताने चोळून दोनदा धुवावे. यंत्र आधीच घेऊन झाले असेल, तर ते उघड्या खिडकीजवळ लावावे, चालू असेपर्यंत स्वयंपाकघराच्या बाहेर थांबावे, आणि बंद झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीच भांड्याजवळ जावे.